बटणांच्या डब्यात सापडलेली तपकिरीची बाटली: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्रकरण नात्यातलंच आहे, म्हणून नावं आणि गाव मुद्दाम गाळलंय. मावसभाऊ (दादा म्हणू) आणि वहिनी इंग्लंडमधे राहतात, लंडनपासून तासाभराच्या अंतरावर, मी त्यांच्यापासून दोन स्टेशनं पुढे. २०२३ चा जून. दादाचे वडील, म्हणजे आमचे काका, निपाणीहून तीन महिन्यांसाठी आलेले. वहिनीला शिवणकामाचा नाद, त्यामुळे दर रविवारी सकाळी कार बूट सेल ठरलेला. म्हणजे एका मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ मांडून बसतात, तिथं जाऊन ही जुनी बटणं, लेस, रिळं असलं काहीबाही घेऊन येते. त्या रविवारी तिने बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ४ पौंडाला घेतला, आत काठोकाठ बटणं. घरी येऊन डबा पेपरवर उपडा केला तर बटणांबरोबर एक छोटी बाटली घरंगळत आली.

उंची साधारण ६ सेंटीमीटर, चपटी, मुठीत सहज मावेल अशी. काच पांढरट पण पूर्ण पांढरी नाही, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, अर्धी पारदर्शक आणि आत पांढरे कण तरंगल्यासारखे. त्यावर लाल काचेचे दोन मासे आणि कमळाची पानं, उठावाची, नखाला लागतील अशी. वर हिरवं बूच आणि बुचाच्या खाली चिकटलेली एक बारीक काडी, काडीच्या टोकाला तीळभर चमचा.

वहिनी म्हणाली अत्तराची कुपी असणार. दादाने तो चमचा बघून जाहीर केलं की हे कानकोरणं आहे. वहिनी बाटली घेऊन सिंककडे निघालीच होती, भांड्यांचा साबण हातात, तेवढ्यात काकांनी ती मागून घेतली. काकांची सगळी नोकरी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकुनीत गेली. त्यांनी खिडकीशी जाऊन बाटली उजेडाला धरली, तळाशी चिकटलेली तांबूस भुकटी बघितली, बूच काढून वास घेतला (वास कसला, काही उरलेलाच नव्हता) आणि म्हणाले, "अगं पोरी, ही अत्तराची न्हवं, तपकिरीची हाय. धू नकोस, असू दे तशीच."

काकांना चिनी काचेतलं ओ का ठो कळत नाही. पण या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कुणी घेतला असेल तर तो त्यांनी, आणि तोही पहिल्या दहा मिनिटांत.

थोडं या बाटल्यांबद्दल

तपकीर चीनमधे युरोपियन लोकांबरोबर गेली, पाद्री आणि व्यापारी. युरोपात ती डबीत ठेवायचे, आपल्याकडेही डबीच. चीनमधे मात्र बाटली आली, कारण औषधं तिथं अशा छोट्या बाटल्यांतच असायची आणि तपकीरही सर्दी, डोकेदुखीवरचं औषध म्हणूनच खपायची. शिवाय दमट हवेत डबी उघडली की तपकिरीच्या गुठळ्या होतात, घट्ट बुचाच्या बाटलीत ती कोरडी राहते. चमचा यासाठीच, अरुंद तोंडातून तळापर्यंत पोचायला. कांगशी बादशहाने १६९६ मधे बीजिंगच्या राजवाड्यात काचेचा कारखाना काढला, किलियान स्टुम्फ नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याच्या देखरेखीखाली. तिथून पुढे काच, पोर्सेलिन, जेड, अकीक, अंबर, पोवळं, ज्याची म्हणून बाटली करता येईल त्याची त्यांनी केली.

आमच्या बाटलीसारख्या कामाला ओव्हरले म्हणतात, लिलाववाले सरसकट पेकिंग ग्लास म्हणून मोकळे होतात. एका रंगाच्या काचेवर गरम असतानाच दुसऱ्या रंगाचा थर चढवायचा आणि गार झाल्यावर जेड कोरणारे कारागीर जे चाक वापरतात त्याच चाकाने, खरखरीत पूड लावून, नको तेवढा वरचा थर घासून काढायचा. मासे कोरलेले नसतात, माशांच्या आजूबाजूचं सगळं लाल काढून टाकलेलं असतं. हे डोक्यात बसलं की अस्सल-नक्कल ओळखायचं निम्मं काम होतं.

अडचण काय झाली

दादाने फोनवर फोटो काढून सर्च केला. एका बाजूला अगदी अशाच दिसणाऱ्या बाटल्या ८-१० पौंडाला, नव्या, शंभर शिल्लक. दुसऱ्या बाजूला २०११ ची बोनहॅम्स या मोठ्या लिलावघराच्या हाँगकाँगच्या लिलावाची बातमी, ब्लॉक नावाच्या खासगी संग्रहातली एक बाटली अडीच कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली. रात्री दीड वाजता मला मेसेज, "अगं हे बघ." मी म्हणलं बाबा ती राजवाड्यातली मीनाकामाची बाटली आहे, आपली बटणांच्या डब्यातली आहे, झोप. पण एकदा मोठा आकडा बघितला की माणूस झोपत नाही.

खरी अडचण ही होती. खरी की खोटी, एवढाच प्रश्न सगळे विचारत होते. पण खरी असली तरी ५० पौंडांची असू शकते आणि ५,००० चीही, त्यामुळे प्रश्न एक नव्हता, चार-पाच होते: काच आहे की दगड, कोरलेली आहे की साच्यातली, साधारण कुठल्या काळातली, डागडुजी किती झालीय, आणि त्यातलं काय काय कायद्याने विकता येतं. हा शेवटचा तर कुणाच्या डोक्यातही नव्हता.

पहिला निर्णय: ८० पौंड घ्यायचे का

सोमवारी दादा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेला. दुकानदाराने बाटली दोन मिनिटं फिरवली आणि म्हणाला ८० पौंड, कॅश, आज. उद्या आलात तर बघू. दादाने मला तिथूनच फोन केला. ४ चे ८० होतायत, घेऊन टाकू का?

मी नको म्हणलं, आणि त्यामागे बाटलीचं ज्ञान वगैरे काही नव्हतं. मी शनिवारी एका चॅरिटी शॉपमधे शोभेच्या वस्तू वेगळ्या करायचं काम बरीच वर्षं करतेय, तिथं एक गोष्ट कळली, दुकानदार "आजच" म्हणाला की उद्या तीच किंमत किंवा जास्त मिळते. त्याला घाई आहे म्हणजे त्याला त्यात काहीतरी दिसलंय. दुकानदार फसवत होता असंही म्हणत नाही मी, त्याला भाडं आहे, वस्तू सहा महिने पडून राहू शकते, तो निम्म्याहून कमीच देणार. पण आपल्याला घाई नव्हती ना.

तपासणी, आणि माझी एक चूक

मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घेऊन. टेबलावर जाड टॉवेल अंथरला, कारण अशा बाटल्या चोरीपेक्षा फरशीवर पडूनच जास्त जातात.

आधी काच की दगड. भिंगातून गोल आणि थोडे ताणलेले बुडबुडे दिसले, पांढरे कण त्यांच्या आजूबाजूला. दगडात असे गोल बुडबुडे नसतात, तेव्हा काच. दादाला पाण्यात वजन करून घनता काढायची होती, किचनमधला वजनकाटा घेऊन तयारच होता. जेड की काच हा वाद असता तर ते उपयोगी पडलं असतं, जेड काचेपेक्षा चांगलंच जड भरतं. इथं वाद नव्हता, आणि बाटली पोकळ असल्यामुळे आत पाणी भरल्याशिवाय माप बरोबर येत नाही, म्हणजे ती तपकीर गेली असती. जाता जाता सांगते, काही बाटल्या आतून रंगवलेल्या असतात, वाकड्या ब्रशने, त्या एवढ्याशा तोंडातून ब्रश घालून आतल्या बाजूला चित्र, झोउ लेयुआन आणि मा शाओश्युआन ही त्यातली मोठी नावं. तसल्या बाटलीत पाणी घातलंत तर चित्र पाण्याबरोबर सिंकमधे. म्हणून आत काय आहे ते बघितल्याशिवाय नळाखाली धरायचंच नाही.

मग कोरीवकाम. स्वस्तातल्या नव्या बाटल्यांमधे डिझाइन साच्यातून किंवा ॲसिडने काढलेलं असतं, कडा गोलसर, जेलीसारख्या, सगळीकडे एकसारख्या. इथं माशाची कड खाली उतरते तिथं धार होती, पानाच्या शिरा एकसारख्या खोल नव्हत्या, आणि मोकळी पांढरी जागा तिरप्या उजेडात धरली की किंचित लाटा दिसत होत्या, चाक फिरल्याच्या. एका माशाच्या पोटाखाली कारागिराचं चाक जरा जास्त आत गेलंय, लाल पार निघून पांढरं दिसतंय. वहिनीला ती खोट वाटली, मला ते बघून बरं वाटलं.

तळाची कड बघितली. खऱ्या वापराचे ओरखडे सगळ्या दिशांना, कमी-जास्त असतात, मुद्दाम म्हातारी केलेल्या वस्तूवर ते सँडपेपरसारखे एका दिशेला. इथं सगळ्या दिशांना होते. तळाला शिक्का काही नाही. दादा हिरमुसला, त्याने वाचलं होतं की चियेनलुंग बादशहाचा शिक्का असला की भारी. खरं तर तो शिक्का नंतरच्या काळात इतक्या बाटल्यांवर मारलाय की नुसता शिक्का बघून काहीच सिद्ध होत नाही, नसलेला परवडला.

आणि मग तोंड. मी भिंगातून बघितलं आणि वहीत लिहिलं, "तोंड स्वच्छ, एकही टवका नाही, छान." ही माझी चूक. पुढे येईलच.

चमच्याचं लफडं

तो कानकोरण्याएवढा चमचा पिवळसर पांढरा होता. या चमच्यांत हाडाचे असतात, बांबूचे असतात, धातूचे असतात आणि हस्तिदंताचेही असतात. हाड असेल तर भिंगातून बारीक काळपट ठिपके, रेघा दिसतात, इथं दिसत नव्हत्या. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, पण काडी इतकी बारीक की छेद म्हणावा असा काही भागच नाही. गरम सुई टोचून बघायचा सल्ला सगळीकडे मिळतो, कृपा करून तो घेऊ नका.

ब्रिटनमधे हस्तिदंताच्या व्यापारावरचा २०१८ चा कायदा जून २०२२ पासून लागू झालाय. हस्तिदंत असलेली वस्तू विकायचीच नाही, ठरावीक सवलती सोडून. त्यातली एक सवलत अशी की वस्तू ३ मार्च १९४७ च्या आधीची असेल, हस्तिदंत आकारमानाच्या १० टक्क्यांहून कमी असेल आणि तो वस्तूचा काढता न येणारा भाग असेल तर २० पौंड भरून नोंदणी करून विकता येते. नाहीतर दंड अडीच लाख पौंडांपर्यंत जाऊ शकतो. चार पौंडाच्या डब्यातून हे निघेल असं कुणाला वाटलं असेल.

काकांचं म्हणणं एकदम वेगळं. विकायची कशाला, मी निपाणीला घेऊन जातो, घरात राहील, आणि विकायचीच झाली तर मुंबईला चोरबाजार आहे की. हा पर्याय आम्ही खरंच विचारात घेतला, कारण त्यांचा जीव त्या बाटलीत अडकला होता. पण हस्तिदंत परमिटशिवाय देशाच्या सीमेपार नेता येत नाही, मग तो तीळभर का असेना. आणि आपल्याकडे १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांवरची कलावस्तू एकदा तिकडे गेली की पुढे कधी बाहेर काढायची म्हणलं तर तो डोक्याला वेगळाच ताप. काकांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग सोडून दिलं.

विकायचे पर्याय

दुकानदार झाला. स्वतः ऑनलाइन टाकणं, यात कमिशन कमी, पण काळ कुठला लिहायचा, आणि घेणाऱ्याने "हे नवीन आहे" म्हणून परत पाठवली तर? जवळच्या गावातलं साधं लिलावघर, जिथं खुर्च्या, कपबश्या, सायकली सगळं एकाच दिवशी जातं, तिथं तीन आठवड्यांत विकून मोकळं. किंवा आशियाई वस्तूंचा खास लिलाव, तो बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदाच, लंडनच्या आसपास मे आणि नोव्हेंबरमधे, कारण तेव्हा चीन-हाँगकाँगचे खरेदीदार या बाजारावर लक्ष ठेवून असतात. म्हणजे पाच महिने थांबायचं.

दादाला तीन आठवडेवाला बरा वाटत होता. मी म्हणलं आधी खासवाल्यांना फोटो तर पाठवू, ईमेलवरचा अंदाज फुकट असतो. आठ फोटो पाठवले: पुढून, मागून, दोन्ही कडा, तळ, तोंड वरून, बूच वेगळं काढून, आणि एक मागून उजेड पाडून. सोबत माप, वजन, आणि कुठे सापडली ते खरं खरं.

काय केलं

आठ दिवसांनी उत्तर आलं आणि नंतर बाटली प्रत्यक्ष दाखवायला वहिनी आणि मी गेलो. तिथल्या बाईंनी भिंग न लावताच पहिली गोष्ट काय सांगितली तर, तोंड घासलेलं आहे. बाटलीचं तोंड सगळ्यात आधी टवकतं, मग मागच्या कुणीतरी टवके घालवायला अख्खी कड एक-दोन मिलिमीटर खाली घासून पॉलिश केलेली. त्यांनी बाजूने धरून दाखवलं, खांद्याच्या मानाने मान आखूड दिसते, कड अगदी सपाट आणि तिची चकाकी बाकीच्या काचेपेक्षा वेगळी. मी ज्याला "स्वच्छ, छान" लिहिलं होतं तीच डागडुजी! वर्षानुवर्षं वापरलेल्या काचेचं तोंड इतकं सरळसोट असेलच कसं, हे मला सुचायला हवं होतं.

बाकी निकाल चांगला. काच अस्सल, चाकावर कोरलेली, काम नीटस पण राजवाड्याच्या दर्जाचं नाही, काळ साधारण १८०० ते १८६०. बूच नंतरचं (बुचं हरवतात, बदलतात, त्यात विशेष नाही). चमचा बहुधा हस्तिदंत. अंदाज ३०० ते ५०० पौंड, तोंड शाबूत असतं तर याच्या दुप्पट धरला असता म्हणाल्या.

चमच्याचा प्रश्न मग सोपा निघाला. बुचाचं कॉर्क सुकलेलं होतं, चमचा नुसता त्यात खुपसलेला, हलकेच ओढला की बाहेर. म्हणजे "काढता न येणारा भाग" ही अट तशीही बसली नसती. तो काढून घरी ठेवला, बाटली आणि बूच चमच्याशिवाय लिलावात. वर्णनात तसं स्पष्ट लिहायला लावलं.

राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही ती, यावर घरात वाद झाला. दादाला ४०० हवी होती. मी २५० म्हणलं, कारण राखीव किंमत चढी ठेवली आणि वस्तू परत आली की "न विकलेली" हा ठपका इंटरनेटवर कायम राहतो, पुढच्या वेळी सगळे तेच बघतात. २५० वर सही झाली.

निकाल

नोव्हेंबर. लिलाव दुपारचा, निपाणीत रात्रीचे सव्वाआठ, काका जेवण अर्धवट टाकून मोबाइलवर लाइव्ह बघत होते. सुरुवात २०० ला. ३८० पर्यंत इंटरनेटवाले, मग दोन फोनवाले एकमेकांशी भिडले आणि ६२० ला हातोडा पडला. मिनिटभराचा खेळ.

हातात आले ४९६ पौंड ४० पेन्स. १५ टक्के कमिशन म्हणजे ९३, त्यावर २० टक्के व्हॅट १८.६०, फोटोचे १० अधिक व्हॅट २. घेणाऱ्याने मात्र लिलावघराला वरचं द्यायचं २५ टक्के प्रीमियम आणि त्यावरचा व्हॅट धरून ८०६ भरले. हा फरक माहीत असावा, कारण जुने निकाल शोधताना कुठे हातोड्याचा आकडा दिसतो, कुठे प्रीमियम धरून, आणि आपण दोन्ही एकाच तराजूत तोलत बसतो. टॅक्सचं काही नाही, असल्या वस्तूला ६,००० पौंडांपर्यंत भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

तोंडाचं सांगून झालं. लिलावाची निवड बरोबर होती असं मला वाटतं, पण गावातल्या लिलावात काय झालं असतं ते कुणालाच कळणार नाही, तिथंही इंटरनेटवरून बोली लागतेच.

खरी चुटपुट बटणांची आहे. बाटली बघायला गेले तेव्हा मी डब्याबद्दल विचारलं, तर वहिनी म्हणाली हवी तेवढी ठेवली, उरलेली दिली की धाकटीच्या शाळेत, हस्तकलेला. त्यात पितळी पण होती, नांगराची, सात-आठ तरी. मी डोक्यालाच हात लावला. नांगर-मुकुटाची पितळी बटणं म्हणजे बहुतेक रॉयल नेव्ही. मुकुटाच्या आकारावरून राजाचा काळ की राणीचा हे कळतं, मागे बनवणाऱ्याचं नाव असतं. ब्रिटिश आरमाराचा चीनकडचा ताफा १९४१ पर्यंत होता, चीनमधलं वेहाइवेई बंदर १८९८ पासून १९३० पर्यंत इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने. त्या घरातलं कुणी तिकडे नोकरीला होतं आणि येताना बाटली खिशात घालून आलं, असं असेलच असं नाही, बटणं कुठूनही येतात. पण वस्तूबरोबर एका घराण्याची गोष्ट जोडता आली असती तर घेणारा वेगळ्या नजरेने बघतो. डबा विकणाऱ्या बाईंना "हे कुणाचं होतं" एवढं विचारलं असतं तरी धागा मिळाला असता. वहिनी पुढचे तीन रविवार त्यांना शोधत मैदानात फिरली. त्या काही परत आल्या नाहीत, आणि शाळेतल्या बटणांचे तोवर घुबडांचे डोळे झाले होते.

आता वहिनी काहीही घेताना, अगदी ५० पेन्सची रिळं घेतानासुद्धा, विचारते हे कुणाचं हो, आजीचं का? लोक जरा विचित्र बघतात. पण निम्मे जण बोलायला लागतात आणि मग ती तासभर घरी येत नाही. चमचा तिच्या शिवणाच्या डब्यात आहे, सुयांच्या शेजारी, आणि काका दर फोनला विचारतात, माझं कानकोरणं आहे ना जाग्यावर.